मार्थाबाईंचा शनिवारचा वर्ग

"मार्थाबाई शिरसाट अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मंडळीच्या शिस्तीत राहून त्यांनी आयुष्यभर सेवा केली."

शोकसभेत रेव्हरंड अमोलिक माइकसमोर उभे राहून हे बोलले आणि पुढच्या बाकांवरच्या लोकांनी माना डोलावल्या. तीन वाक्यं, तिन्ही खोटी. मी मागे बसले होते. शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला म्हणून, नाहीतर मी तिथंच उठून बोलले असते. घरी आले तरी डोकं तापलेलंच होतं. माणूस गेलं की त्याला गुळगुळीत करून टाकायचं, म्हणजे मग कुणालाच त्याचा त्रास नको! मार्थाबाई शांत नव्हत्या. त्या चिडायच्या, भांडायच्या, भर उपासनेत उभ्या राहायच्या. आणि त्यांना तसं उभं राहायला कुणी लावलं होतं, हे त्या माइकवरच्या माणसाला माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं.

म्हणून हे लिहिते आहे. चर्चचं नाव लिहीत नाही. नाशिकरोडचे जुने लोक ओळखायचे ते ओळखतील.

बाईंनी तरुणपणी ईश्वरविज्ञानाची पदवी घेतली होती. त्यांच्या वर्गातले मुलगे पाळक झाले, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. बायकांना आमच्यात तेव्हा ती दीक्षा मिळत नसे, म्हणून बाईंना मुलींच्या वसतिगृहावर नेमलं. सगळी नोकरी त्यांनी तिथंच काढली. निवृत्त झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्या तेव्हाच्या वृद्ध पाळकांकडे गेल्या आणि चर्चमागची छोटी खोली महिन्यातल्या एका शनिवारसाठी मागितली.

"कशाला हवी?" त्यांनी विचारलं.

"पाळकांना शिकवायचंय."

म्हातारे पाळक पोट धरून हसले. पण खोली दिली.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. शाळामास्तरांना उजळणी वर्ग असतात, नर्सला नवीन औषधं शिकावी लागतात. पाळक मात्र पंचविशीत जे शिकला त्यावर जन्मभर उपदेश करत राहतो. लोक त्याच्यापुढं येऊन मनातलं बोलतात, रडतात, आणि ते कसं ऐकायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तेव्हा दीक्षा झालेल्यांनीसुद्धा पुन्हा शिकायला बसावं. स्वतःच्या आत काय चाललंय ते आधी बघावं, मग दुसऱ्याला वाट दाखवावी. खोलीबाहेरच्या फळ्यावर त्यांनी खडूनं लिहिलं होतं : 'सेवकांची आत्मिक जडणघडण'. आम्ही सगळे त्याला 'शनिवारचा वर्ग' म्हणायचो.

मालेगावकडून दोन पाळक यायचे, पेठवरून एक, देवळाली कॅम्पातून एक. खेड्यापाड्यातले प्रचारक यायचे. मी शाळेत मराठी शिकवायची आणि रविवारी संडे स्कूल घ्यायची. "लहान मुलांशी बोलणाऱ्यांनी तर सगळ्यात आधी यावं, शीला," असं म्हणून बाईंनी मलाही ओढलं.

पांढरी व्हॉइलची साडी, बारीक काठ, हातात बारा महिने पुरुषी काळी छत्री, तोंडात लवंग. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीतलं टेबल बाहेर काढायला लावलं. "टेबल मध्ये आलं की माणसाचा साहेब होतो," म्हणाल्या. खुर्च्या समोरासमोर. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, बायबलचं वचन सांगायचं नाही, स्वतःची गोष्ट सांगायची नाही. कुणी तोंड उघडायला लागला की बाई लांबून ओरडायच्या, "दुकान बंद करा!"

लांबलचक प्रार्थनांचा त्यांना भारी राग. कुणी पाळक देवाला आजाऱ्याचं नाव, गाव, दवाखाना, वॉर्ड असं सगळं सांगायला लागला की डोळे मिटल्या मिटल्याच त्या पुटपुटायच्या, "पत्ता माहीत आहे त्याला." त्यांचं लग्न झालं नव्हतं. का नाही केलं, असं देवळालीच्या पाळकीणबाईंनी एकदा धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "बघायला आले ते सगळे बोलतच राहिले."

म्हाताऱ्या पाळकांच्या जागी अमोलिक आले ते वर्ग सुरू झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. उंच, देखणे, गळ्यात सूर. पहिल्या उपासनेतच त्यांनी मंडळी जिंकली. वर्गालाही उत्साहानं आले. त्या दिवशी त्यांची जोडी शांतवनभाऊंशी लागली. शांतवनभाऊ दिंडोरी तालुक्यातले प्रचारक, साधा माणूस. त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. ते सांगायला लागले, "रात्री ती उठती आन् दारात जाऊन बसती. मी हाक मारली तरी..." एवढ्यात अमोलिकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात एक वचन सुरू केलं.

"दुकान बंद करा, अमोलिक!"

"बाई, मी धीर देत होतो."

"त्यांनी मागितला का?"

अमोलिक लाल झाले. शांतवनभाऊच त्यांच्या मदतीला धावले. "जाऊ द्या बाई, लय अवघड हाय हे. गप बसायचं म्हंजे जीव जातो माणसाचा." सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "बायको दारात जाऊन बसते. पुढं काय?" आणि शांतवनभाऊ बराच वेळ बोलले.

अमोलिक हुशार होते. वर्षभरात त्यांना ते ऐकणं इतकं साधलं की बाई उघड कौतुक करायच्या. मान किती हलवायची, नजर कुठं ठेवायची, कधी नुसतं "हं" म्हणायचं, सगळं छान जमायला लागलं. लोक त्यांच्याकडे जाऊन मन मोकळं करू लागले. "हा पोरगा पाळक होणार," बाई मला म्हणाल्या होत्या. तो पाळक होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाईंच्या लेखी तो आत्ता होत होता.

अमोलिकांकडे मन मोकळं करणाऱ्यांत निर्मला होती. आमच्याच संडे स्कूलमध्ये शिकून मोठी झालेली मुलगी. मंडळीतल्या एका बड्या वडिलांच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या, घरात दिलेली. नवरा प्यायचा आणि मारायचा. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. अमोलिकांना सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी घर सोडायचा विचार करते आहे.

त्यानंतरच्या एका रविवारी कुटुंब या विषयावर उपदेश होता. चर्च भरलेलं. अमोलिक रंगात आले होते. म्हणाले, "आपल्याच मंडळीतली एक भगिनी माझ्याकडे आली. नवऱ्याचा हात उठतो म्हणाली. घर सोडते म्हणाली. मी तिचं सगळं ऐकलं, आणि तिला म्हटलं, मुली, क्षमा कर. आणि आज बघा! ती भगिनी आपल्या पतीच्या शेजारी, इथंच, प्रभूच्या मंदिरात बसलेली आहे!"

नाव घेतलं नाही, पण बोलताना ते सरळ तिच्याचकडे बघत होते. बायकांच्या माना वळल्या, मग पुरुषांच्या. निर्मलानं पदर तोंडावर ओढला. तिच्या नवऱ्याचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि त्याला हे सगळं पहिल्यांदाच कळतंय, हे कुणालाही समजलं असतं. अमोलिकांना समजलं नाही. ते हसतमुखानं पुढच्या मुद्द्याकडे निघाले होते.

"पाळकसाहेब, थांबा."

मार्थाबाई उभ्या होत्या. आवाज मोठा नव्हता, पण चर्चमध्ये घंटेसारखा गेला.

"बाई, उपदेश चालू आहे," अमोलिक म्हणाले.

"तो बंद करा. ही गोष्ट तुमची नाही. ती तुमच्याकडे ठेवायला दिली होती."

कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. बाई बसल्या नाहीत. छत्री घेऊन त्या मधल्या वाटेनं चालत निर्मलाच्या बाकापाशी गेल्या, तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "जरा सरक बाबा," आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या. उपासना संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या. संपल्यावर निर्मलाचा हात धरून तिला रिक्षात घातलं आणि आपल्या घरी नेलं. मी मागोमाग गेले.

बाईंचं घर बिटको चौकाच्या आतल्या गल्लीत, दोन खोल्यांचं, पुढं ओटा आणि लोखंडी फाटक. निर्मला आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. "आता मला मारून टाकतील," एवढंच ती म्हणाली. बाईंनी तिला पाणी दिलं, भात टाकला आणि मला म्हणाल्या, "तू आज इथंच जेव."

दिवस कलताना नवरा आला. बरोबर दोन चुलतभाऊ. फाटकाशीच ओरडायला सुरुवात. घरातलं बाहेर सांगते, आमची अब्रू घालवली, बाहेर काढा तिला. बाई लसूण सोलत होत्या. त्या ताट घेऊन उंबऱ्यात जाऊन बसल्या, अशा की आत जायचं तर त्यांना ओलांडूनच जावं लागेल.

"बोल," म्हणाल्या. "मी ऐकते."

तो बोलला. शिव्या दिल्या. मग बापानं आपल्याला कसं वागवलं ते बोलला, नोकरीचं बोलला, एकदा रडलाही. चुलतभाऊ अवघडून ओट्याच्या कडेला टेकले. बाई लसूण सोलत ऐकत होत्या. आत मी दारामागं काठी घेऊन उभी. शेवटी तो थांबला.

"झालं?" बाईंनी विचारलं. "ऐकलं मी सगळं. तुझं दुखणं खरं आहे. पण ती येणार नाही. आणि तू या उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर गल्लीतल्या प्रत्येक घराला हाक मारीन."

तो फाटक आपटून गेला. बाई आत आल्या तेव्हा त्यांची मान लालबुंद झाली होती. राग नवऱ्यावर असेल असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "अमोलिकला ऐकायला मीच शिकवलं, शीला. हिचं तोंड उघडलं ते माझ्या शिकवण्यानं. दार उघडायला शिकवलं मी, आणि तो आत शिरून सामान घेऊन गेला."

निर्मला त्यांच्याकडेच राहिली. इकडे मंडळीत चर्चा काय? तर बाईंनी उपासना मोडली! मुलीचं काय झालं, ती कुठं आहे, जिवंत आहे का, हे विचारायला एक माणूस आला नाही. पण चर्चच्या कमिटीचं बोलावणं लगेच आलं. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून बाईंनी मला बरोबर नेलं. मला आत बसू दिलं, पण बोलायची परवानगी नाही, असं आधीच बजावलं.

सगळे पुरुष. चहा, बिस्किटं. अमोलिक एका बाजूला, दुखावलेल्या चेहऱ्यानं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. फक्त पाळकसाहेबांची माफी मागा, विषय संपवू."

"माफी मागायला मी तयार आहे," बाई म्हणाल्या. "निर्मलाची. पण आधी पाळकांनी मागायची, मग कमिटीनं, मग मी. मी शेवटी, कारण मी उभी तरी राहिले."

"त्यांनी नाव कुठं घेतलं?" एकजण म्हणाला.

"तुम्ही वळून कुणाकडे बघितलंत?"

त्यानं बिस्किट उचललं. दुसरे एक वयस्क गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, नवरा-बायकोच्या घरातल्या गोष्टी असतात. आपण त्यात कशाला पडायचं?"

तेव्हा मात्र बाई कडाडल्या. कधी आवाज चढवला नाही म्हणे! खिडकीची तावदानं हादरली. "घरातल्या गोष्टी? माइकवरून सांगितल्यात तुम्ही! सांगताना त्या मंडळीच्या होत्या, आणि निस्तरायची वेळ आली की घरातल्या झाल्या?"

अमोलिक हळूच म्हणाले, "बाई, मी साक्ष म्हणून सांगितलं. देवाच्या गौरवासाठी."

"देवाला तिच्या पाठीवरचे वळ दाखवून गौरव मिळत नाही, अमोलिक."

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तर खोलीला नवीन कुलूप होतं. फळा पुसलेला. शिपाई खाली मान घालून म्हणाला, कमिटीचा हुकूम आहे. शांतवनभाऊ पहाटेच्या एस्टीनं आले होते, मालेगावचे पाळकही. बाईंनी कुलपाकडे एकदा बघितलं. "चला," म्हणाल्या, आणि सगळी वरात बिटकोच्या गल्लीत त्यांच्या ओट्यावर आली. त्या दिवसापासून वर्ग तिथंच. मंडळीच्या पाळकांनी बाईंच्या वर्गाला जाऊ नये, असं पुढं कळवण्यात आलं. काही यायचे थांबले. शांतवनभाऊ थांबले नाहीत. "माझं काय काढून घेत्यात? सायकल?" म्हणायचे.

निर्मला त्या ओट्यावर चहा द्यायची, मग हळूहळू खुर्चीत बसायला लागली. पुढं तिला देवळाली कॅम्पात एका बालवाडीत काम मिळालं. तिथंच खोली घेतली. नवऱ्यापासून कायद्यानं सुटायला तिला कित्येक वर्षं लागली, आणि प्रत्येक तारखेला बाई छत्री घेऊन कोर्टात हजर.

आणि अमोलिक? ते मोठे होत गेले. कमिट्यांवर गेले, परदेशी जाऊन आले. दोन हजार सालानंतर आमच्याकडे 'कोचिंग' हा शब्द आला. तोवर नाशकात कोचिंग म्हणजे दहावीच्या गणिताचा क्लास. आता 'आत्मिक कोचिंग'. दिंडोरीच्या बाजूला, द्राक्षबागांच्या मधोमध एका नव्या रिसॉर्टवर तीन दिवसांचं शिबिर ठेवलं. पडद्यावर इंग्रजी चित्रं, बंगळुरूचे पाहुणे, शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट. संयोजक अमोलिक. आणि या विषयाची नाशकातली पहिली शिक्षिका म्हणून मार्थाबाईंचा सत्कार! कुलूप लावणाऱ्यांनीच आमंत्रण धाडलं होतं. मी म्हटलं, "बाई, जायचं नाही." त्या म्हणाल्या, "जायचं. बघू तर काय शिकवतात."

पाहुणे ध्येयाबद्दल बोलत होते. पाच वर्षांनी तुमची सेवा कुठं असेल, डोळे मिटून बघा, वगैरे. बाई पहिल्या रांगेत डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "ध्येय विचारतायत. दुखतंय कुठं, ते कोण विचारणार?"

मग सत्कार. अमोलिकांनी शाल उलगडली. बाईंनी ती खांद्यावर येऊ दिली नाही. हातानं बाजूला केली आणि माइकमध्ये म्हणाल्या, "शाल नको. आमचा शनिवार परत द्या. आणि निर्मलाकडे जाऊन या."

काय झालं असेल? टाळ्या! निम्म्यांना निर्मला कोण हे ठाऊक नव्हतं, ज्यांना होतं त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. अमोलिक हसत म्हणाले, "बाईंचा हा प्रेमळ विनोद आपल्याला कायम स्मरणात राहील," आणि जेवणाची घोषणा केली. परतताना जीपमध्ये, नाशिक आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं गं."

त्यानंतर त्या थकल्या. गुडघे गेले. ओट्यावरचा वर्ग चालू होता, पण चार-पाच जणांचा.

त्यांना स्वतःच्या पायांवर चालताना मी शेवटचं बघितलं ती एक दुपार. मी त्यांच्याकडे भाजी निवडत बसले होते. फाटकाशी मोटरसायकल थांबली आणि अमोलिक आत आले. केस पांढरे झालेले, चेहरा उतरलेला. माझ्याकडे बघून घुटमळले. मी उठलेच नाही. बाईंनी मला नजरेनं आत जायला सांगितलं. मी आत गेले, पण दोन खोल्यांच्या घरात आत जाऊन किती आत जाणार? अमोलिकांची मुलगी सासरहून परत आली होती. का आली ते त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. ती गोष्ट माझी नाही.

ते बोलत राहिले आणि बाई ऐकत राहिल्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मला संताप आला होता. याचं का ऐकून घ्यायचं? या माणसाला ओट्यावर बसू तरी का द्यायचं?

शेवटी अमोलिक रडत म्हणाले, "बाई, प्रार्थना करा माझ्यासाठी."

"करीन," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीसाठी आजच करीन. तिला माझ्याकडे पाठवा, हवं तितके दिवस राहू दे. तुमच्यासाठी मात्र तुम्ही परत आल्यावर."

"परत? कुठून?"

"देवळाली कॅम्पातून. निर्मला बालवाडीत असते, संध्याकाळपर्यंत भेटेल. तिच्यापुढं उभे राहा. ती काय म्हणेल ते ऐका. मग या, आपण दोघं बसू."

अमोलिकांनी डोळे पुसले. "बघतो," म्हणाले. "आज जरा मीटिंग आहे."

ते उठले. मी बाहेर आले आणि म्हटलं, "कशाला बसवून घेतलंत त्याला? विसरलात तुम्ही सगळं?"

"विसरले?" बाई माझ्यावरच उखडल्या. "राग जराही गेलेला नाही माझा. पण राग आला म्हणून ऐकायचं नाही, असं कुठं शिकवलं मी तुला?"

आणि भिंतीला धरत धरत त्या ओटा उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या. अमोलिकांनी गल्लीच्या तोंडाशी क्षणभर मोटरसायकल थांबवली होती. उजवीकडे देवळालीचा रस्ता, डावीकडे द्वारका चौक, नाशिक, त्यांची मीटिंग. ते डावीकडे वळले. बाईंनी फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढला आणि सगळी गल्ली दारात येईल अशा आवाजात ओरडल्या, "अहो अमोलिक! देवळाली त्या बाजूला आहे! त्या बाजूला!"